वर: चहा झाला

"पट्टी जखमेला बांधतात. ही पाटी." मी 'पट्टी' म्हटलं की असं म्हणत वरचे काका माझ्या लॅपटॉपच्या स्क्रीनच्या वरच्या कडेवरून बोट फिरवायचे आणि मग बोटाचा डाग बाहीने पुसायचे.

मुलुंडला आमच्या वरच्या मजल्यावर ते एकटे राहत. नोकरी ट्रॉम्बेला झाली, मूलबाळ नव्हतं, बायको गेलेली. असे निवृत्त लोक तुमच्याही इमारतीत असतील. कुणी कुंड्यांत रमतं, कुणी सोसायटीशी भांडतं. यांना लिनक्सचा, म्हणजे विंडोजऐवजी चालणाऱ्या फुकट प्रणालीचा नाद. माझ्या जुन्या लॅपटॉपवर त्यांनीच ते घातलं आणि वर ती काळी पाटी बसवली. तारीख, वेळ, बॅटरी.

"पाटीवर काय लिहायचं ते आपण ठरवायचं. छोटीशी स्क्रिप्ट, म्हणजे चार ओळींचा प्रोग्रॅम. ती दर मिनिटाला बघून येते आणि एक ओळ लिहिते. बस्स."

एकदा म्हणाले, "तुझ्या पाटीवर मला थोडी जागा देशील?"

मी हसलो. ते हसले नाहीत.

"बी विंगमधला तो एकटा माणूस घरात गेला, तो चौथ्या दिवशी सापडला रे. मला चौथा दिवस नको."

दोन्ही घरांत वायफाय एकच होतं. सकाळचा चहा घेऊन त्यांनी आपल्या संगणकावर एक कळ दाबायची, की माझ्या पाटीवर 'वर: चहा झाला' येणार. नऊपर्यंत कळ दाबली नाही, तर 'वर: चहा नाही'. मग मी वर जायचं. घराची एक किल्ली त्यांनी माझ्याकडे देऊन ठेवली. मी सगळं पुन्हा पुन्हा तपासून घेतलं.

पहिल्यांदा 'चहा नाही' आलं तेव्हा मी अनवाणी धावलो. दार त्यांनीच उघडलं.

"काका! कळ का नाही दाबली?"

"दूध फाटलं. चहा झालाच नाही, तर झाला असं खोटं लिहू?"

"अहो, माझी इथे वाट लागली ना!"

"म्हणजे स्क्रिप्ट चालते. झकास!"

मी खालून दूध आणलं. दोघांनी चहा घेतला. पुढे त्यांचं दूध बरेचदा फाटू लागलं. फ्रिज तर चांगला थंड होता. मी वर जाताना दुधाची पिशवी घेऊनच जायचो.

गेल्या हिवाळ्यात पुन्हा 'चहा नाही' दिसलं. चपला घालून, पिशवी घेऊन मी सावकाश वर गेलो. दोनदा बेल वाजवली, मग किल्ली लावली. ते संगणकासमोर खुर्चीत होते. हात लावला तेव्हा कळलं. पहिलाच दिवस होता, चौथा नव्हता.

संगणक चालू होता. त्यांच्या पाटीच्या उजव्या टोकाला एक ओळ होती, मला कधी न दाखवलेली. 'खाली: आहे.' माझा लॅपटॉप चालू असला की ती उमटत असणार.

त्यांचा भाचा आला, सगळं आटोपलं. घरी येऊन मी लॅपटॉप बंद करायला बसलो. मग आठवलं, वरचा संगणक कुणी बंद केलेला नाही.

मी लॅपटॉप तसाच चालू ठेवला.