भांडगावच्या फाट्यावर उकळणारी गाडी

या ग्रुपवर लोक जे काही लिहितात – पांढरी साडी, उलटे पाय, पिंपळावरचा मुंजा – ते वाचून मी आजवर फक्त हसत आलोय. माझा विश्वास दोनच गोष्टींवर. वर अल्ला आणि खाली थर्मामीटर. तिसरं काही मानायची गरज कधी पडली नाही, आणि खरं सांगायचं तर आजही मनापासून मानत नाही. पण जे झालं ते माझ्या नावावर आलं, आणि अजून कुणी साधं ‘चुकलं’ म्हणालेलं नाही, म्हणून लिहितोय. रागात लिहितोय, तेव्हा भाषा सांभाळून घ्या.

मी तांबोळी. शिरूरला माझं जुन्या गाड्यांचं गॅरेज आहे. पुण्या-नगरकडचे हौशी लोक विश्वासानं गाड्या सोडून जातात. या धंद्यात विश्वास हेच भांडवल, कारण जुन्या गाडीचा ओरिजिनल पार्ट एकदा गेला की परत मिळत नाही. ‘मिस्त्रीनं पार्ट बदलला’ एवढं एक वाक्य उठलं तरी गॅरेजला कुलूप लागतं. हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे पुढचा राग कळेल.

मागच्या दिवाळीच्या आधीची गोष्ट. राहूच्या आप्पांची गाडी माझ्याकडे आली. लाल, दोन सीटची, उघड्या टपाची विलायती स्पोर्ट्स कार. आप्पा म्हणजे मोठे ऊसवाले बागायतदार, तरुणपणी हौसेनं ही गाडी घेतली आणि शेवटपर्यंत दुसऱ्या कुणाला स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. ते जाऊन तेव्हा वर्ष उलटून गेलं होतं. मुलगा सुहासराव गाडी विकायला निघाला होता, पुण्याचं गिऱ्हाईक ठरलेलं, पण ट्रायलला नेताना गाडी भांडगावला बॉईल झाली. म्हणून टेम्पोत घालून त्यांनी ती शिरूरला पाठवली.

ओव्हरहीटिंग म्हणजे काही गूढ नसतं. संशयित ठरलेले असतात, एकेकाला बाजूला करत जायचं. रेडिएटर काढला तर बोअरच्या पाण्याचा क्षार बसून निम्म्या नळ्या बंद. तोच रेडिएटर – परत लिहितो, *तोच* – साफ करून बसवला. थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की पाण्याला वाट देणारी झडप, चहाच्या पातेल्यात उकळून पाहिला, उघडायला आळस करत होता, बदलला. वॉटर पंप, फॅन, बेल्ट सगळं बघितलं. हेड गॅसकेट फुटलंय का म्हणून रेडिएटरचं तोंड उघडं ठेवून बुडबुडे शोधले, एक आला नाही. टायमिंग लावलं, कार्ब्युरेटर धुतला. मग न्हावऱ्यापर्यंत पळवली, रांजणगावच्या कंपन्या सुटायच्या वेळी ट्रॅफिकमध्ये मुद्दाम अडकवली, उन्हात इंजिन चालू ठेवून मी जेवून आलो. तापमानाचा काटा मध्यावरून हलला नाही.

डिलिव्हरीला सुहासराव स्वतः आले. मी चालवतोय, ते शेजारी. न्हावरा, चौफुला, सगळं झकास. हायवेला लागून भांडगाव आलं... डाव्या हाताला एक कच्चा रस्ता वस्तीकडे जातो, त्या फाट्यावर काटा एकदम उजवीकडे पडला आणि बॉनेटमधून वाफ. हळूहळू चढला नाही, पडला. गाडी बाजूला घेतली, थंड केली, पाणी घातलं, आणि तिथून यवतमार्गे राहूपर्यंत गाडी गुमान गेली. सुहासराव वाटभर काट्याकडे बघत होते.

मी गाडी परत आणली. पुन्हा सगळं उघडलं, पुन्हा सगळं ठीक. पुन्हा घेऊन गेलो, पुन्हा तोच फाटा. उलट्या बाजूनं, यवतकडून आलो तरी तोच फाटा. तिथं चढ नाही, खड्डा नाही, ट्रॅफिक नाही. एक बाभळ आहे आणि एक पाटी. सांगा, यात माझी काय चूक?

पण सुहासरावांनी जुन्या गाडीवाल्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर टाकलं की शिरूरच्या मिस्त्रीनं ओरिजिनल रेडिएटर काढून घेतला आणि भंगारातला बसवला. नाव घातलं नाही, पण शिरूरला असे मिस्त्री आहेत किती? दोन दिवसांत दोन गाड्यांचे मालक ‘सहज’ येऊन आपापली गाडी घेऊन गेले. बायको म्हणाली, काजीसाहेबांकडून ताईत आणून गाडीला बांधा. गॅरेजमधला पोरगा म्हणाला, लिंबू-मिरची बांधू. मी दोघांवरही ओरडलो. चोरीचा आळ माझ्यावर आणि उपाय लिंबाचा?

मी हट्टाला पेटलो. इन्फ्रारेड थर्मामीटर घेतला – बंदुकीसारखा असतो, नेम धरला की तापमान सांगतो – आणि भर दुपारी एकटाच निघालो. ठरवलं, आज ती उकळली की तिथंच बॉनेट उघडून एकेक नळी तपासायची. फाटा आला आणि तिनं मला निराश केलं नाही. वाफेचा लोट... मी शिव्या देत उतरलो.

बॉनेट उघडेपर्यंत कच्च्या रस्त्यानं एक म्हातारी येताना दिसली. नवं लुगडं, एका हातात कापडी पिशवी, कमरेवर पाण्यानं भरलेली कळशी. मी पाणी मागितलं नव्हतं. वस्ती आत लांब आहे, तिथून हायवे दिसत नाही. ती सरळ गाडीपाशी आली, माझ्याकडे बघितलंही नाही, आणि गाडीलाच म्हणाली, “लई उशीर केला.”

मी रेडिएटरच्या टोपणाला हात घातला तर तिनं मला थांबवलं. “आधी वाफ जाऊंदे. भाजशील.” मग पिशवीतून जुनं फडकं काढून टोपणावर धरलं, अर्धं फिरवलं, वाफ सोडली आणि कळशी ओतली. तिचा हात सरावाचा होता. मी विचारलं, मावशी, ही गाडी ओळखता? तर म्हणाली, “माझ्या भावाची हाय.”

ती आप्पांची थोरली बहीण. तिनं सांगितलं ते असं. लग्न झाल्यापासून दर दिवाळीला आप्पा तिला माहेरी न्यायला यायचे, आधी बैलगाडीनं, मग या गाडीनं. सासुरवाशिणीला न्यायला भाऊ येतो, त्याला आपल्याकडे मुराळी म्हणतात, हे बऱ्याच जणांना माहीत असेल. गाडी तेव्हाही तापायची, म्हणून आप्पा फाट्यावरच थांबायचे, ती कळशी घेऊन यायची, पाणी घालायची आणि शेजारी बसायची. दोघं म्हातारे झाले तरी हे चुकलं नाही. आप्पा गेले त्या वर्षीची दिवाळी दुखवट्याची, ती कुणी धरत नाही. पुढच्या दिवाळीला मात्र ती पिशवी भरून बसली होती. आज गाडी आल्याचं कळलं कसं, ते मी विचारलं. “आवाज आला की,” म्हणाली. या गाडीचा आवाज त्या वस्तीपर्यंत जात नाही, हे मी नंतर दोन माणसं उभी करून तपासलंय.

मी तिला सरळ सांगितलं की मी मिस्त्री, गाडी विकायला काढलीय, सुहासरावांनी पाठवलेली नाही. ती दार उघडून डाव्या सीटवर बसली, पिशवी मांडीवर घेतली. मी म्हणालो, चला, मी सोडतो राहूला. तर मान हलवली. “मुराळ्याबिगर माहेरी जात न्हाईत बाबा. आन् तू तर मिस्त्री हायस.” एवढं सगळं करून वर हे ऐकून घ्यायचं.

आता मुद्द्याचं. पाणी घातलं तसं तपासायला मी इंजिन चालू केलं. काटा खाली आला, मध्यावर थांबला नाही, तळाला जाऊन टेकला. मला वाटलं मीटर गेला. थर्मामीटरचा नेम धरला तर रेडिएटर बाहेरच्या हवेपेक्षा थंड. ऑक्टोबरचं ऊन, इंजिन धडधडतंय, आणि रेडिएटरवर माठावर येतो तसा ओलावा. कुणी म्हणेल विहिरीचं गार पाणी होतं. अहो, चालत्या इंजिनात कळशीभर पाणी किती वेळ गार राहील? मी बराच वेळ इंजिन चालू ठेवून बघत उभा होतो. हात लावला तर बोटं गारठली. धंद्यात केस पांढरे झाले, असं मी कधी पाहिलं नाही आणि कुठल्या पुस्तकात वाचलं नाही.

मी सुहासरावांना फोन करून बोलावून घेतलं. ते पांढऱ्या मोठ्या गाडीतून तणतणत उतरले, माझ्या बापाचा उद्धार करायच्या तयारीतच. मी त्यांचा हात धरून रेडिएटरवर ठेवला. त्यांनी झटक्यात मागे घेतला आणि मग त्यांना सीटवर कोण बसलंय ते दिसलं.

“आत्या, इथं काय करतीस?”

ती समोर बघत होती. “सही घ्यायला आलास तवा मोठी गाडी आणलीस,” ती म्हणाली. “मला वाटलं, दिवाळीला ही आणशील.”

मला नंतर कळलं. आप्पांच्या मागं जमिनीचं करताना सुहासरावांनी तिची हक्कसोडाची सही घेतली होती. बहिणी देतातच, तिनंही काही न मागता दिली. त्यानंतर वस्तीवर कुणी फिरकलं नाही. गाडीच्या रेडिएटरचा पत्ता ग्रुपभर शोधणाऱ्या माणसाला आत्याचा पत्ता आठवला नव्हता.

सुहासरावांनी माझ्या हातातून चावी घेतली आणि म्हणाले, “मिस्त्री, माझी गाडी घेऊन तुमी या मागनं.” ते त्या लाल गाडीत बसले. मी राहूपर्यंत मागून फक्त बॉनेटकडे बघत गेलो. वाफेचा एक धागा निघाला नाही.

आता तुम्हाला वाटेल, चला, गोड झालं. ऐका. सुहासरावांनी गाडी विकायचं रद्द केलं. गिऱ्हाइकाला कारण काय सांगितलं? तर ‘मिस्त्रीला जमली न्हाई’. गाडीवाल्यांच्या ग्रुपवरचा मेसेज आजही तसाच आहे. गेलेले वडीलच गाडी अडवत होते असं सांगायची लाज, त्यापेक्षा तांबोळ्याला चोर ठरवलेलं बरं. आणि आप्पांनासुद्धा माझं विचारणं आहे. तुम्हाला बहिणीची काळजी होती, मान्य. मुलाच्या स्वप्नात जायचं होतं, त्याची झोप उडवायची होती. त्याची एवढी मोठी पांढरी गाडी होती, ती उकळवायची. माझं गॅरेज कशाला मध्ये घेतलंत?

नळीत हवा अडकून एअर लॉक झाला होता, मीटरची चूक होती, म्हातारीनं योगायोगानं बघितलं – या सगळ्या कॉमेंट्स मी स्वतःशीच करून झाल्यात, परत लिहायचे कष्ट घेऊ नका. बिघाडाला कारण असतंच, असं मी आयुष्यभर पोरांना शिकवलं. या बिघाडाचं कारण मला आजही सापडलेलं नाही. उपाय तेवढा माहीत आहे.

परवा सुहासरावांचा फोन आला. वर्षभरात पहिला. आवाज बारीक. म्हणाले, गाडी शेडमध्ये उभी आहे, आठवडाभर कुणी चालू केलेली नाही, चावी माझ्या खिशात आहे, आणि काटा लालमध्ये गेलाय. या गाडीचा काटा वायरीवर नाही, नळीवर चालतो, चावी नसली तरी खरं तेच दाखवतो. मी विचारलं, मावशींना आणायला कधी जाताय? म्हणाले, “यंदा सवड न्हाई ओ. ड्रायव्हर पाठवायचं चाललंय... तुमी येऊन जरा रेडिएटर बघता का?”

“रेडिएटर बघून झालाय,” मी म्हणालो. “तुम्ही भांडगावला जा. स्वतः.”