हजेरीवाल्या बाई

हजेरी घेतल्याशिवाय बाईंना चहासुद्धा गोड लागत नसे. लग्नाच्या पंगतीतही कोण आलं, कोण नाही हे आधी मोजायच्या, मग वरणाला हात लावायच्या.

नव्वदच्या दशकात सिंदी मेघेच्या शाळेत त्या मला मराठी शिकवत. म्हणजे वर्गातल्या बाकीच्यांना शिकवत. मी व्हरांड्यात असे. फळ्यावरची अक्षरं माझ्यापुढे जागेवर टिकत नसत, आणि बाईंच्या वैद्यकशास्त्रात या आजाराला एकच नाव होतं, आळस. उपचारही एकच. "बाहेर उभा राह. वाचता येईन तेव्हा आत येजो." चौथी आणि पाचवी मी अशी मोकळ्या हवेत काढली. तब्येत सुधारली, वाचन नाही.

पुढे बाई निवृत्त झाल्या आणि मी सायबर कॅफे टाकला. त्याच सुमारास बाईंच्या नातीला वाचता येईना. नागपूरच्या डॉक्टरीणबाईंनी डिस्लेक्सिया सांगितला. आळस दुसऱ्याच्या घरी असतो. आपल्या घरी आला की त्याला इंग्रजी नाव मिळतं. पण नात परातीतल्या रेतीत बोटानं अक्षरं गिरवत, त्यांचा उच्चार करत वाचायला लागली, तेव्हा बाई गप्प बसल्या नाहीत. थेट कॅफेत आल्या. "हे साऱ्या मायबापाईले समजलं पाह्यजे. इंटरनेटवर टाकून दे." त्या दोन वर्षांबद्दल काही बोलतील म्हणून मी वाट बघत राहिलो. त्यांनी पंख्याखालची जागा मागितली.

मी त्यांना एका साइटवर कम्युनिटी उघडून दिली. रेतीतली अक्षरं, ओळीखाली पट्टी धरून वाचणं, अशी रोज एक युक्ती त्या लिहायच्या. चाळीसेक आईबाप जमले. मग बाईंनी तिथेही हजेरी सुरू केली. दर रविवारी 'उपस्थित' लिहायचं; तीन रविवार चुकले की नाव कट. "शिस्त नाई तं सुधारणा नाई." दोन महिन्यांत अकरा जण उरले. जगाला जागं करायला निघालेल्या बाईंनी जगालाच वर्गाबाहेर काढलं होतं.

मग कॅफेच्या पत्त्यावर जाम गावच्या एका आईचं पोस्टकार्ड आलं. "म्याडम, आमच्या गावात कंप्युटर नाई. पंधरा दिवसांनी वर्ध्याले बाजाराले येते, तेव्हा पाहात होती. आता ते उघडत नाई. लेकीची निम्मी अक्षरं झाली. पुढचं कोणाले विचारू?"

बाईंनी ते दोनदा वाचलं. दुसऱ्या दिवशी परात काखेत मारून त्या जामच्या एसटीत बसल्या.

संध्याकाळी परतल्या त्या सरळ कॅफेतल्या पंख्याखालच्या कॅबिनमध्ये शिरल्या. आधी काढलेली सगळी नावं परत घेतली. मग मला न सांगता स्वतःच एका बोटानं टाइप करत बसल्या. मी दारात उभा राहून वाचू लागलो. "माझ्या वर्गातल्या एका मुलाला मी दोन वर्षं बाहेर उभं केलं. तो आळशी नव्हता. चूक माझी होती." तीन वाक्यांना मला बराच वेळ लागला. बाईंनी घाई केली नाही.

"नाव टाकू का तुहं?"

"टाका," मी म्हणालो. या तीन वाक्यांसाठी आपण इतकी वर्षं थांबलो होतो, हे मला तेव्हाच कळलं.

नाव टाकून बाईंनी मागे वळून पाहिलं.

"बाहेर काऊन उभा हायेस रे? आत ये."

कॅबिनमध्ये खुर्ची एकच होती. तरी मी आत गेलो.