शिकाऊ कुलूप

रामवाडीत माझ्या शिलाई मशीनच्या शेजारी एक चावीवाला बसतो. गोड बोलणं त्याला जमतच नाही. कुलूप उघडायला शिकायचं म्हणून मी हौसेने नवंकोरं कुलूप नेलं, तर त्याने ते माझ्या मशीनवर आदळलं.

"ह्याच्याशी झगडशील नि उद्या येनार नायस. शिकाऊ मानसाला ढिलं कुलूप लागतं गो!"

मग डब्यातलं एक जुनं कुलूप काढून, आतल्या बारीक पिना कमी करून, त्याने ते माझ्या हातात कोंबलं.

गणपतीच्या तोंडावर जोहे गावातल्या एका मूर्तींच्या कारखान्यात मालकाने रंगकामाच्या बायांना कोंडून बाहेरून कुलूप लावलं आणि चावी खिशात घालून तो रोह्याला गेला. म्हणे, बाया काम टाकून पळतात! आत एक बाई रंगाच्या वासाने चक्कर येऊन पडली. लोकांनी ह्या चावीवाल्याला बोलावलं. ह्याने दार उघडलं आणि येताना कुलूप स्वतःबरोबर आणलं.

दुसऱ्या दिवशी मालक तणतणत आला. "माझं कुलूप कुठाय?"

ह्याने मान वर न करता ते माझ्यापुढे सरकवलं. "उघड गो."

मी तार घालून जरा हलवताच ते खटकन उघडलं. पिना त्याने आधीच काढल्या होत्या.

उघडं कुलूप त्याने मालकाच्या हातावर आपटलं. "ने, लाव खुशाल. परत बायांना कोंडलंस तर मी कशाला येतोय? हीच येईल."