मोटारीतला कीस

थोरल्या भावाचं, अण्णाचं, शहापुरात मोटारी भरायचं दुकान होतं. यंत्रमागाच्या जळालेल्या मोटारीत तो नवी तार भरायचा. मग फिरता भाग न बसवता, कमी दाबानं वीज देऊन बेअरिंगचा छर्रा आत सोडायचा. छर्रा गोल पळाला की भरणी बरोबर.

मी तेव्हा बेळगावच्या कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवायचो आणि अक्कल पाजळायची मला भारी हौस. छर्रा पळतो तर लोखंडाचा कीसही चालेल, असं वाटलं. अण्णा चहाला गेल्यावर मी मोटारीत कागद बसवला, त्यावर कीस टाकला आणि बटण दाबलं. कणांच्या बारक्या साखळ्या उभ्या राहिल्या आणि कोलांट्या घेत कागदावरून चालू लागल्या. मी बघतच राहिलो. त्या कडेला पोचल्या तरी बटण बंद करायचं सुचलं नाही. थोडा कीस तारांत पडला. मी फुंकर मारली आणि अण्णाला काही बोललो नाही.

आठ दिवसांत ती मोटार जळून परत आली. विणकर दारात उभा होता. अण्णानं मला विचारलं, "तू शिकलेला हाईस. माझं काय चुकलं रं?"

"तुझं काय न्हाय. लाईटच वर-खाली हुतीया."

अण्णा विणकराकडं वळला. "भाऊ प्रोफेसर हाय माझा. त्यो म्हणतोय म्हंजे खरंच असणार."