कोयत्याला मत नाही

दाजी मास्तर गेल्याची बातमी आली तेव्हा मी मालवणच्या बाजारात न्हाव्यापुढे बसलो होतो. डावा गाल साफ झाला होता, उजव्यावर साबण होता. "मास्तर गेले रे..." असं रस्त्यावरून कुणीतरी ओरडत गेलं आणि मी तसाच उठून सायकलवर बसलो. दाजींच्या घरापुढच्या खळ्यात पोचेपर्यंत साबण वाळून गालावर पापुद्रा धरला होता. माणसं तशा प्रसंगातही तोंड फिरवून हसली. काकी, दाजींच्या पत्नी, मात्र हसल्या नाहीत. त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि म्हणाल्या, "सेक्रेटरी, आजय अर्धेच इलात?" दुःखात माणूस काहीही बोलतो, असं मी मनाला समजावलं. माझ्या मनाला समजावणं फार सोपं जातं.

दाजी म्हणजे शाळेतून निवृत्त झालेले मास्तर आणि आमच्या पक्षाचे तालुका अध्यक्ष. मी वह्या-पेनं विकणारा दुकानदार, पक्षाचा सेक्रेटरी झालो तो केवळ सुंदर हस्ताक्षराच्या बळावर. आमची अकरा जणांची कमिटी भरायची दाजींच्या पडवीत. आमच्याकडे बागायतीतला माणूस घरून निघाला की कमरेला लाकडी आकडा आणि आकड्यात कोयता असतोच. शहरातल्या माणसाच्या खिशात पेन असावं तसा. दाजींनी पडवीच्या बाहेरच्या भिंतीला अकरा खुंट्या ठोकल्या होत्या. सभेला येणाऱ्याने कोयता खुंटीला अडकवायचा आणि मगच उंबरा ओलांडायचा. दाराजवळची पहिली खुंटी त्यांची स्वतःची. "आत तोंडान भांडा, काय व्हया ता बोला," असं म्हणायचे. लोक बोलायचेही. दाजींच्या सात पिढ्यांचा उद्धार त्यांच्याच पडवीत, त्यांचाच चहा पिऊन व्हायचा.

मग मुंबईच्या गिरण्या बंद पडल्या आणि आमची पोरं गावी परतली. त्यात बाळगो होता. चौथीत दाजींच्याच हाताखाली शिकलेला, अंगाने दणकट, बोलण्यात आग. इकडे येऊन पाहतो तर किनाऱ्यालगत ट्रॉलर फिरतायत, किनाऱ्यावरून ओढायच्या रापणीच्या जाळ्यात मूठभर मासळी येतेय, बापाच्या घरात चूल कशीबशी पेटतेय. दाजींनी अर्ज केले, धरणं धरलं, कलेक्टरसाहेबांना निवेदन दिलं. निवेदनं मीच लिहायचो. बाळगो म्हणायचा, "मास्तरांनू, तुमच्या अर्जांची होडकी करून पोरां व्हाळात सोडतत. एक ट्रॉलर पेटवया, मगे बघा कलेक्टर कसो धावत येता."

"अर्ज बुडालो तर दुसरो लिवता येता," दाजी म्हणायचे. "ट्रॉलरवर खलाशी आसता रे. तोय कोणाच्या तरी पोटाचो."

सभेगणिक बाळग्याकडची माणसं वाढत गेली. निवेदनावर सह्या मागायला गेलेल्या वासू शिंप्याला त्यांनी भर बाजारात चपलेने मारलं. हा वासू कमिटीतला दाजींचा उजवा हात. तेव्हा दाजींनी ठराव मांडायचं ठरवलं : बाळग्याला पक्षातून काढायचं. ठराव झाला तर पक्ष अर्जवाल्यांचा राहील, नाही झाला तर पेटवणाऱ्यांचा. त्या सभेला मुंबईहून एक पुढारी यायचे होते.

आता माझा पराक्रम सांगतो. सहा वर्षं तो पोटात ठेवला आहे. सभा सकाळी दहाची. साडेनऊला मी पडवीबाहेर पाहिलं तर खुंट्यांवर ओळीने कोयते. मला वाटलं, मुंबईचा एवढा मोठा माणूस येणार आणि स्वागताला हे गावठी लोखंड? दाजी मागे विहिरीवर आणि बाकीचे घराच्या पाणंदीच्या तोंडाशी पुढाऱ्यांची वाट बघायला गेले होते. मी सगळे कोयते गोळा केले, आंब्याच्या करंडीत घातले आणि करंडी आत पडवीत, बाकाशेजारी ठेवून वर गोणपाट टाकलं. खुंट्यांना झेंडूच्या माळा सोडल्या. दोन पावलं मागे जाऊन पाहिलं. फार शोभा आली होती... अकरा कोयते मी अकरा माणसांच्या हाताशी आणून ठेवले होते आणि मला शोभा दिसत होती!

पुढारी वेळेवर आले नाहीत, सभा सुरू झाली आणि ठराव वाचायला मीच उभा राहिलो. तीन ओळीही झाल्या नसतील. बाळग्याने वासूला लाथ घातली, वासू करंडीवर जाऊन पडला, गोणपाट सरकलं. पुढे काय झालं ते मला दिसलं नाही, कारण मी बाकाखाली होतो. बाकाखालून पायच दिसतात. पाय सरकत होते, भांडी आदळत होती, मग ओलं लाकूड फोडावं तसा एक आवाज झाला आणि वासू असा ओरडला की पाय जागच्या जागी थांबले. बाळग्याचा वार वासूच्या खांद्यात बसला होता. दुसरा वार दाजींनी हाताने अडवला. माझ्या नाकापासून वीतभर अंतरावर, शेणाने सारवलेल्या जमिनीवर, त्यांची दोन बोटं पडली. करंगळी आणि तिच्याशेजारचं. मुलांच्या पाट्यांवर खडूने अक्षरं गिरवून देणारा हात तो. मी डोळे मिटून घेतले.

एकाने वासूला पाठीवर घेऊन दवाखाना गाठला, एक जण गडग्यावरून उडी मारून पळाला. मला वाटलं, संपलं. तेवढ्यात दाजींचा आवाज आला, थरथरता, पण वर्गातला. "सभा संपूक नाय. ठराव मताक टाकतंय. बाजून कोण?" त्यांनी मोजले. तीन. "विरुद्ध?" आणि लगेच, "बाळग्या, कोयतो खाली ठेव आणि मगे हात वर कर. कोयत्याक मत नाय."

कोयता जमिनीवर ठेवल्याचा आवाज मी ऐकला. रक्ताने माखलेला माणूसही मास्तरांचं ऐकतो, हे तेव्हा कळलं. विरुद्ध हात चार. ठरावाच्या बाजूने माझा एक वर गेला असता तर चार-चार, आणि बरोबरी झाली की निर्णय अध्यक्षांचा. दाजींनी विचारलं, "आणखी कोण आसा?" बाकासमोर त्यांचे पाय उभे होते. एका पायावर रक्त ठिबकत होतं. मी बाकाखाली आहे हे त्यांना माहीत होतं. मी हात पोटाशी धरून पडून राहिलो.

ठराव पडला. पुढाऱ्यांची जीप पाणंदीच्या तोंडाशी आली, आतली बोंब ऐकून तिथूनच मागे वळली. झेंडूच्या माळा तशाच राहिल्या.

आठ दिवसांनी भर दुपारी बाळग्याच्या माणसांनी ट्रॉलर पेटवला. आत एक खलाशी झोपला होता. किनाऱ्यावरच्या शेकडो लोकांदेखत तो पेटलेला बाहेर आला आणि पाण्यात पडला. तिसऱ्या दिवशी गेला. त्याचं नाव आमच्यापैकी कुणाला ठाऊक नव्हतं. वासू वाचला, पण त्या हाताने पुन्हा कात्री धरता आली नाही.

फौजदारांनी पडवीत पंचनामा करताना विचारलं, "कोयते बाहेर असायचे म्हणता, मग आत कोणी आणले?" मी दाराबाहेरच्या माळांकडे पाहिलं. दाजी म्हणाले, "घर माझं आहे. मीच आणले." पक्षाच्या चौकशीत हेच वाक्य त्यांच्या गळ्याशी आलं. अध्यक्षानेच हत्यारं जमवली, असं ठरवून त्यांना पदावरून काढलं. अर्ज लिहिण्यात जन्म घालवलेल्या माणसाला! खटल्यात माझी साक्ष झाली. मला काही दिसलं नाही, असं सांगितलं. त्या सगळ्या प्रकरणात मी बोललेलं हे एकच खरं वाक्य. बाळगो सुटला.

दाजी गेल्यावर महिन्याभराने, परवा, काकींनी बोलावलं. पडवीबाहेर खुंट्या तशाच होत्या. पहिल्या खुंटीला दाजींचा कोयता होता. तो रोज सकाळी काकी आतून आणून तिथे लावतात. त्यांनी जुनं इतिवृत्ताचं पुस्तक माझ्यापुढे ठेवलं. त्या सभेचं पान माझ्याच वळणदार अक्षरात : "सेक्रेटरी अनुपस्थित." खाली दाजींची डाव्या हाताने केलेली सही, पहिलीतल्या मुलासारखी.

"करंडी तुम्ही भरलास ता मी चुलीकडसून बघलंय," काकी म्हणाल्या. "तेंकाय सांगितलंय."

"मग दाजी बोलले का नाहीत?"

"म्हणाले, सेक्रेटरी भित्रो आसा. नाव सांगलंय तर तेका कोर्टात सगळा खरा सांगूचा लागात, आणि बाळग्याची माणसा तेका उभो कापतीत. एक दिवस आपणच लिवून देयत. रोज वाट बघी होते हो... सहा वर्सां."

मी पेन काढलं. "अनुपस्थित" खोडलं आणि वर लिहिलं : सेक्रेटरी उपस्थित, बाकाखाली. हात वर केला नाही. कोयते त्यानेच आत आणले. ओळ वाकडी गेली. काकींनी पुस्तक उजेडात धरून सावकाश वाचलं.

"पयल्यांदाच तुमचा अक्षर वायट इला," त्या म्हणाल्या, आणि पुस्तक मिटून चहा ठेवायला आत गेल्या.