रुखवतातली मॅकरोनी

“समद्या एकसारख्या! नवरीचा हात हाय का मशीन?” नवऱ्यामुलाची आई रुखवतापुढे उभी राहून माझ्या मॅकरोनीकडे बघत म्हणाली.

ती मॅकरोनी मी दौंडहून आणली होती. स्टेशनजवळच्या दुकानात पाकीट मिळायचं. कांदा, टोमॅटो, चमचाभर तिखट घातलं की एका पातेल्यात चौघांचं जेवण! दुष्काळाचं वर्ष, रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी खाऊन कंटाळलेल्या आमच्या घरात तो सण असायचा. (आई गेल्यापासून, म्हणजे दहाव्या वर्षापासून, घरात मीच रांधत होते. पण इंग्रजी शाळेतल्या मुलीला रांधता येतं, यावर आमच्या गावाकडच्या, मांडवगणातल्या, एकाही बाईचा विश्वास नव्हता!) म्हणून चुलत बहीण शकुअक्काच्या लग्नाला जाताना दोन पाकिटं डब्यात ओतून नेली. एका संध्याकाळी सगळ्यांना करून घालीन, काकी निदान ‘बरं झालंय’ म्हणेल.

काकीनं, म्हणजे अक्काच्या आईनं, डबा उघडला आणि डोळ्यांना पदर लावला. “बोटव्या! बेबे, देवासारखी आलीस गं!”

बोटव्या म्हणजे गव्हाच्या पिठाच्या, बोटावर वळायच्या, खिरीत घालायच्या. रुखवतात त्या नवरीच्या हातच्याच लागतात. अक्काच्या बोटव्यांना ऐनवेळी कीड लागली होती. मी खरं सांगणार होते. शाळेत भाषणाची ढाल मिळवली होती मी! पण ती इंग्रजीत. काकीपुढे नुसती मान हलली, तीही होकारार्थी.

तर माझं रात्रीचं जेवण असं मांडवात, ताटात, कुंकू लावून बसलं होतं.

“पर ह्यास्नी भोक कसं पाडलं?” वरमाय म्हणाली.

अक्का पांढरीफटक.

“छत्रीच्या काडीवर वळल्या!” काकी म्हणाली. (बाई वकील व्हायची, चुकून चुलीपुढे बसली.)

“व्हय? मग एक करून दावा की.”

“नवरीला हळद लागलीया, विहीणबाई! कामाला हात न्हाई लावायचा. पर आमच्या बेबीनंच शिकवल्यात तिला. हिच्या हाताला लई कसब!”

वरमाईनं माझी बोटं दाबून पाहिली, बाजारात भेंडी मोडून बघतात तशी. “शिकलेली बी हाय आन् कामाची बी! आमच्या धाकट्याला हीच करू. आत्ताच सुपारी फोडा!”

मी वडिलांकडे बघितलं. जूनमध्ये पुण्याच्या कॉलेजात घालायचा शब्द त्यांनी दिला होता. फॉर्म भरून ट्रंकेत ठेवला होता.

“पोरीचं नशीब उघडलं!” ते म्हणाले आणि सुपारी आणायला निघालेसुद्धा.

सात वर्षं मी थापलेल्या भाकरीबद्दल या माणसानं अवाक्षर काढलं नव्हतं. मी न केलेल्या (आणि घरी खाऊनही त्यांनी न ओळखलेल्या!) नळ्यांनी मात्र त्यांची छाती फुगली होती!

खरं सांगावं, तर अक्काचा संसार मांडवातच मोडणार. गप्प बसावं, तर माझा सुरू होणार!

मी घसा खाकरला. लग्नघरी आल्यापासून तीन दिवसांत पहिल्यांदाच सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले.

“काकी उगाच माझं कौतुक करतेय. बोटव्या अक्कानंच केल्यात. मला साधा चहासुद्धा करता येत नाही!”