सुमी चालत जीपमध्ये बसली

सुमी चालली, हेच वाईट झालं. वरवंडला तिच्या सासरच्या दारात जीप उभी होती. अर्धी आळी बाहेर आली होती. मी आणि माझा भाऊ नाना तिला उचलायला आत निघालो, तर तीच उंबऱ्याबाहेर आली. भिंतीचा आधार नाही, काही नाही. चपला घातल्या, पदर नीट केला आणि सरळ जीपपर्यंत गेली.

सासू म्हणाली, "बघा गं बायांनो. उचलून न्यायला आल्यात."

जीपवाल्यानं मला विचारलं, "आक्का, पेशंट कुठाय?"

सुमी माझी धाकटी बहीण. आदल्या दिवशी तिच्या नवऱ्यानं, दत्तूनं, निरोप धाडला होता की तुमची पोरगी पडून हाय, उठत न्हाई, घिऊन जावा. आता तो हाताची घडी घालून उभा होता आणि माझ्याकडं बघून हसत होता. मी सुमीशेजारी बसले. आमचं माहेर, केंदूर, येईपर्यंत तिच्या पायांकडंच बघत होते. ही सगळ्यांना खेळवते, असंच मला वाटत होतं.

केंदूर आणि वरवंडची जी माणसं अजून फोनवर विचारतात की सुमीला नक्की झालं काय होतं, त्यांच्यासाठी हे लिहिते. माझी शाळा चौथीपर्यंत. शुद्ध-अशुद्ध तुम्ही बघून घ्या.

सुमीच्या सासरी गुऱ्हाळ होतं. वर काहिलीत उसाचा रस उकळायचा आणि खाली चुलाणात चिपाडं कोंबत राहायची. दिवसभर त्या धगीपुढं बसायचं काम सुमीचं. दुपारपर्यंत तिचे पाय जड व्हायचे. हातातली चिपाडं गळायची. एका डोळ्यानं धुरकट दिसायचं. मग ती तिथंच आडवी व्हायची. दिवस मावळला, गार वारा सुटला की उठून भाकरी खायची. सासूनं गावभर केलं, कामाला पडती आन् जेवायला उठती. एकदा पायाला बिब्बा घातला. कातडं सोलून निघालं तरी सुमी ओरडली नाही. त्यावर सासू म्हणाली, किती पक्की हाय बघा.

आम्ही न्यायला गेलो ते पौषातल्या सकाळी. ती दोन दिवस चुलाणापुढं बसली नव्हती, त्यात कडाक्याची थंडी, म्हणून पाय चालले. हे आज मला कळतं. तेव्हा कुणालाच कळत नव्हतं.

केंदूरला आप्पा, म्हणजे आमचे वडील, दारात खुर्ची टाकून बसले होते. आई आमची कधीच गेली होती. सुमी चालत आलेली बघून ते उठले नाहीत.

"चालतीस की."

"आज चालतीय, आप्पा."

"मग चार दिस ऱ्हा आन् जा. एक माघारी आलेली घरात हाय. दुसरी ठिवली तर गाव तोंडात शेण घालंल माझ्या."

ती माघारी आलेली एक म्हणजे मी. लग्नाच्या पहिल्याच वर्षी मला नवऱ्यानं टाकलं होतं. तेव्हापासून आप्पांच्या घरी मी रांधत होते, कांदे लावत होते, काढत होते आणि ताटात कमी वाढून घेत होते.

तिसऱ्या दिवशी दुपारच्या उन्हात सुमी कांद्याच्या वावरात पडली. नाना म्हणाला, "उठ गं, हितं सासू न्हाई बघायला." मी तिच्या तोंडाकडं बघत उभी राहिले. पापणी हलते का, ओठ हसतो का. काही सापडलं नाही. आप्पांनी सांगितलं की रविवारी सासरी पोचवा.

मी तिला मायेपोटी दौंडला आणलं, असं कुणी समजू नये. तिला परत चुलाणापुढं बसवलं असतं आणि एक दिवस ती काहिलीत गेली असती. मग तरी लोक तिला खरी म्हणाले असते का, तेवढंच बघायचं राहिलं होतं. ते मला बघायचं नव्हतं. दौंडला रेल्वेत कामाला असलेल्या पोरांची मेस होती, तिथं भाकऱ्या थापायला बाई पाहिजे होती. शनिवारी दोघी एसटीत बसलो. आप्पा घरातच होते. बाहेर आले नाहीत.

दौंडला पत्र्याची खोली मिळाली. रात्रभर इंजिनाचे भोंगे. शेजारी एक बाई हिंदी बोलणारी, तिच्या तोंडी सारखं "दीदी को क्या हुआ", "दीदी को क्या हुआ". ही एवढं का विचारते, असं मला वाटायचं. माझा कुणावर पटकन विश्वास बसत नाही. दूधसुद्धा मी बोट बुडवून बघितल्याशिवाय घेत नाही.

सुमीवरही मी पाळत ठेवली. मेसला निघायचं, कोपऱ्यापर्यंत जायचं आणि माघारी येऊन खिडकीतून बघायचं. एखाद्या दिवशी ती खोली झाडताना दिसायची. एखाद्या दिवशी ढुंगणावर सरकत मोरीपर्यंत जायची. दोन्ही गोष्टी स्वतःच्या डोळ्यांनी बघितल्यावर तर माझा संशय वाढलाच. एकदा ती माझ्याकडं पाठ करून बसली होती. तशीच म्हणाली, "आक्का, तुझी सावली भिंतीवर पडती. आत ये, च्या ठिव."

मेसमधल्या एका पोराच्या ओळखीनं पुण्याला मोठ्या दवाखान्यात गेलो. एमआरआय झाला. डॉक्टरनं मला एकटीला आत बोलावलं, सुमी बाहेर बाकावर होती. तो म्हणाला, मल्टिपल स्क्लेरोसिस. डोक्यातून आणि मणक्यातून ज्या नसा जातात, त्यांच्यावरचं आवरण झडतं. बरं होणार नाही, पण सांभाळता येईल.

मी विचारलं, "मग रोज का नाही होत? सकाळी बरी, दुपारी आडवी, असा कुठं आजार असतो?"

"असतो, मावशी. अंग तापलं की त्रास वाढतो. ऊन, ताप, गरम पाणी, काहीही. अंग गार झालं की उतरतो."

मला पटलं नाही. अंग आखडलं की कढत पाणी, हे आपल्याकडं शेंबड्या पोरालाही ठाऊक. मी रोज संध्याकाळी तिला वाफाळत्या पाण्यानं न्हाऊ घालत होते. हे कालचं पोर मला शिकवणार? म्हणून मी त्याचीही परीक्षा घ्यायची ठरवली. सुमीला काही सांगितलं नाही. काही दिवस रॉकेल संपलं म्हणून गार पाणी दिलं. मग रॉकेल मिळालं म्हणून कढत. मग पुन्हा गार. गार पाण्याच्या दिवशी ती भिंत धरून खाटेपर्यंत यायची. कढत पाण्याच्या दिवशी मोरीतून मला तिला ओढून काढावं लागायचं, आणि ती म्हणायची, "आज काय झालं गं मला?"

सोंग घेणाऱ्या माणसाला कधी पडायचं ते माहीत असावं लागतं. हिला माहीत नव्हतं. माझं समाधान झालं. खिडकीतून बघायचं मी सोडलं. डॉक्टरकडं मात्र अजून बारीक लक्ष असतं, कारण तो दर खेपेला नवीन गोळी काढतो.

आप्पा दौंडला यायचे ते थंडीतच, कांद्याची लावण उरकली की. सुमी त्यांच्यासमोर हळूहळू का होईना, पण चहा आणून ठेवायची. ते गावी जाऊन सांगायचे, काय न्हाई, चालती-फिरती हाय. एका वर्षी मी म्हटलं, "आप्पा, एकदा वैशाखात या."

आले. पत्रा तापला होता. सुमी फरशीवर मानेखाली ओलं फडकं घेऊन पडलेली. ओळखीचं हसली, पण हात उचलेना. आप्पांनी तिच्या तोंडाला पाण्याचा तांब्या लावला. अर्धं पाणी मानेवर गेलं. त्यांनी टोपी काढून हातात घेतली. मग म्हणाले, "सुमे, चल घरी."

सुमीची जीभही त्या दिवशी जड होती. ती सावकाश म्हणाली, "त्या दिशी मला उचलून आणलं असतं, तर ठिवलं असतं का?"

"ठिवलं असतं."

"आता ऱ्हाऊ द्या, आप्पा."

संध्याकाळच्या गाडीनं ते गेले. सुमीनं त्यांचं उत्तर खरं धरलं. त्या सकाळी आपले पाय चालले नसते तर बापाचं घर मिळालं असतं, असं ती पुढं कितीतरी वर्षं म्हणायची आणि स्वतःच्या पायांना शिव्या द्यायची. मला ते उत्तर कधीच पटलं नाही. चालत आली म्हणून ठेवली नाही. उचलून आणली असती, तर हिचं करणार कोण म्हणून ठेवली नसती. एवढाच फरक. हे मी सुमीला तोंडावर सांगितलं. तिनं दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, पण पायांना शिव्या देणं थांबलं.

आता आम्ही तळमजल्यावर उत्तरेकडच्या खोलीत राहतो. कूलर आहे, व्हीलचेअर आहे. सुमीचा डावा हात पूर्ण गेला, उजव्यानं ती मोबाइल चालवते आणि मला बातम्या वाचून दाखवते. नानाचा मुलगा मध्यंतरी आला होता. "आत्या, घरी चला, स्लॅबवर तुमच्यासाठी खोली काढलीय." स्लॅबवर, म्हणजे उन्हाच्या तोंडाशी. मी विचारलं, एवढ्या वर्षांनी आत्या का आठवल्या? म्हणाला, "तसं काय न्हाई." तसं काहीतरी आहे, ते कळेल यथावकाश. सुमी त्याला म्हणाली, "मे महिन्यात तू ऱ्हा त्या खोलीत, मग आमाला सांग."

केंदूर आमचं गाव आहे, तिथं जन्मलो, हे मी नाकारत नाही. पण तिथं गेलं की आजही कुणीतरी म्हणतं, जरा उभी राहून दाखव की. दौंडच्या या खोलीत तिला कुणी काही करून दाखवायला सांगत नाही. ती पडली तर पडली, बसली तर बसली. घर म्हणून मला एवढंच समजतं.

दत्तूनं दुसरी केली होती, तो वारला. सासू त्याच्या आधीच गेली. आप्पा गेले. सुमी जिवंत आहे, आणि तिच्यासोबत मी.